मणक्याच्या सांध्यांसाठी तपासणीचे इंजेक्शन: रुग्णाने घ्यायची काळजी

कंबर किंवा मान वर्षानुवर्षे दुखत राहते, एमआरआयच्या अहवालात ‘झीज’ असा शेरा येतो, तरीही दुखण्याचे मूळ नेमके कुठे आहे हे खात्रीने सांगता येत नाही. पाठीच्या मागील बाजूने मणक्यांना जोडणारे छोटे फॅसेट सांधे ज्यांना काडीचाही त्रास नाही अशा माणसांतही झिजलेले आढळतात, त्यामुळे केवळ चित्रावरून या सांध्यांना दोषी ठरवता येत नाही. म्हणूनच सांध्याकडून वेदना वाहून नेणारी मीडियल ब्रँच ही बारीक नस काही तासांपुरती बधिर करून पाहतात. हा उपचार नव्हे, तपासणी आहे, आणि तिचा निकाल बराचसा रुग्णाच्या नोंदींवर ठरतो.

प्रत्येक फॅसेट सांध्याला दोन नसा पोहोचतात, त्यामुळे एका सांध्यासाठीही किमान दोन ठिकाणी सुई टोचावी लागते. सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहत डॉक्टर सुईचे टोक हाडाच्या ठरलेल्या कोपऱ्यावर नेतात आणि तिथे अर्धा मिलिलिटर किंवा त्याहूनही कमी औषध सोडतात. औषध जास्त झाले तर ते शेजारच्या भागांत पसरते आणि आराम कशामुळे पडला हे कळेनासे होते.

रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, औषधांची अ‍ॅलर्जी, अंगातील ताप किंवा जंतुसंसर्ग आणि गर्भारपण यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. त्या सकाळी वेदनाशामक घ्यायचे की नाही हेही विचारून ठेवावे, कारण दुखणे आधीच दबलेले असेल तर इंजेक्शनाचा परिणाम मोजणार कसा? गुंगीचे औषध शक्यतो टाळणेच बरे. सोबत कोणाला तरी न्यावे आणि त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नये.

खरे काम इंजेक्शनानंतर सुरू होते आणि नेमके तेच बहुतेकांना कोणी नीट समजावून सांगत नाही, याचे मला वाईट वाटते. घरी येऊन पडून राहिल्यास तपासणी वाया जाते, कारण पडून राहिल्यावर दुखणे एरवीही कमीच असते. जे केल्याने दुखते तेच जपून करून पाहावे: ओट्याशी उभे राहून पोळ्या लाटणे, जिना चढणे, मागे वाकणे, खुर्चीतून उठणे. इंजेक्शनापूर्वी शून्य ते दहा यांपैकी दुखण्याचा आकडा लिहावा आणि नंतर सहा ते आठ तास दर अर्ध्या तासाने वेळ, हालचाल आणि आकडा अशी नोंद ठेवावी. उदाहरणार्थ, ‘साडेअकरा, जिना चढलो, आठवरून दोन.’ टोचल्या जागेची ठणक वेगळी लिहावी. डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून आकडा कमी करू नये आणि आराम पडला नसेल तर तसेच लिहावे. ‘या सांध्यातून दुखत नाही’ हे उत्तरही तितकेच मोलाचे असते, कारण त्यामुळे पुढची चुकीची प्रक्रिया टळते.

एकाच वेळच्या आरामावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण एका इंजेक्शनाचा निकाल 25 ते 40 टक्के वेळा फसवा निघतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणून वेगळ्या दिवशी दुसरे इंजेक्शन देतात. काही ठिकाणी एकदा लिडोकेन आणि एकदा अधिक काळ टिकणारे ब्युपिवाकेन ही बधिर करणारी औषधे वापरून आराम त्या त्या औषधाच्या अवधीइतका टिकतो का, हे पाहतात. किती आराम पुरेसा मानायचा याबाबत मतभेद आहेत. कोणी 50 टक्के धरतात, कोणी 80.

दोन्ही वेळा स्पष्ट आराम पडल्यास त्याच नसा रेडिओफ्रीक्वेन्सीच्या, म्हणजे सुईतून सोडलेल्या उच्च वारंवारतेच्या विजेच्या, उष्णतेने, साधारण 80 ते 90 अंश सेल्सिअसला, निकामी करण्याचा पर्याय खुला होतो. त्याचा आराम बहुधा सहा महिने ते वर्षभर टिकतो. नस पुन्हा वाढली की दुखणे परतू शकते, तेव्हा ती प्रक्रिया पुन्हा करता येते.

इंजेक्शनानंतर काही तास बधिरपणा किंवा पायात किंचित अशक्तपणा जाणवू शकतो. मात्र ताप आला, अशक्तपणा वाढत गेला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.