दोन क्लॅरिनेट, एक पियानो: पीस निवडताना या चुका टाळा

बेळगावात क्लॅरिनेटचा आवाज कुणाला नवा नाही. वरातीत गाण्याची चाल बऱ्याचदा त्याच्याकडेच असते, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचा बँडही इथलाच. पण दोन क्लॅरिनेट आणि पियानो असा कार्यक्रम ठरला, की घोळ पीस निवडतानाच होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पियानोवाल्याला शेवटी विचारणं. दोघं क्लॅरिनेटवाले यूट्यूबवर काहीतरी ऐकून भारावतात आणि पियानोच्या नोटेशनचे कागद पंधरा दिवस आधी त्याच्या हातात ठेवतात. संगीतकार क्रोमरचा दोन क्लॅरिनेटचा कन्सर्टो (वादक आणि ऑर्केस्ट्रा यांची मोठी रचना; ओपस, म्हणजे रचनाक्रमांक, 35) फार देखणा आहे, पण तो ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेला. पियानोवर वाजवायचा तर अख्खा ऑर्केस्ट्रा दहा बोटांत कोंबावा लागतो. त्यापेक्षा मुळात पियानो धरून लिहिलेलं घ्या. संगीतकार मेंडेल्सोनची दोन कॉन्सर्टश्टुक, म्हणजे मैफिलीसाठीचे पीस (ओपस 113 आणि 114) तशीच आहेत. 1832-33 च्या हिवाळ्यात हाइनरिख बेर्मान आणि त्यांचा मुलगा कार्ल या वादकांसाठी ती लिहिली गेली. बेर्माननी बदल्यात आवडीचे खाद्यपदार्थ करून घातले, अशी गोष्ट सांगतात. मानधनाचा हा प्रकार आपल्याकडेही चालतोच म्हणा.

इथंच एक खाच आहे. या पीसमधला दुसऱ्या वादकाचा भाग मुळात बॅसेट हॉर्न या क्लॅरिनेटच्याच जातीच्या, जास्त खालच्या वाद्यासाठी आहे, आणि ते वाद्य एफमधलं, म्हणजे कागदावरचा सी त्यावर एफ वाजतो. नेटवरून फुकट उतरवलेला तो कागद नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर (इथं सी हा बी-फ्लॅट वाजतो) जसाच्या तसा वाजवला, तर सगळं सा ते म इतकं वर चढतं. शिवाय बॅसेट हॉर्नचे तळाचे काही स्वर क्लॅरिनेटवर नाहीतच. सेकंड क्लॅरिनेटसाठी बसवलेली प्रत आहे का, ते आधी बघा.

संगीतकार पोंकिएल्लीचं ‘इल कोन्वेन्यो’ दोघंही क्लॅरिनेटवाले तयारीचे असतील तरच घ्या. एक जण शिकाऊ असेल तर तो पहिल्याच पानावर उघडा पडतो. आणि संगीतकार पुलँकचा 1918 चा दोन क्लॅरिनेटचा सोनाटा? त्यात पियानोच नाही, शिवाय एक क्लॅरिनेट ए-मधला लागतो.

आता हॉलमधला पियानो. जुना अपराइट (उभा पियानो) बहुधा सुरात उतरलेला असतो. क्लॅरिनेट बॅरल (तोंडात धरायच्या भागाखालची छोटी नळी) थोडी बाहेर ओढून खाली आणता येतो, पण फार ओढलं तर मधले स्वर जास्तच उतरतात आणि दोघांचं आपसांतच जमत नाही. तिथं थोडं मधल्या जोडापाशीही ओढावं. पाव सूर उतरलेला पियानो असेल तर हट्ट सोडा, डिजिटल पियानो आणा. त्याचा ए स्वर 440 कंपनांवर आहे की 442 वर, ते बघा आणि ट्रान्सपोज (पट्टी बदलायची सोय) शून्यावर आणा. आदल्या दिवशी कुणा गायकासाठी तो दोन पट्ट्या खाली केलेला असू शकतो, आणि ते पहिला स्वर वाजेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.