वृद्धाश्रमातलं वर्ष : सण-ऋतूंची आखणी कशी करायची

आमच्या वृद्धाश्रमात सणवार आणि रोजचे उपक्रम माझ्याकडे असतात. आश्रम सातारा जिल्ह्यात आहे. राहणारे बरेचसे शेतकरी, प्राथमिक शिक्षक, एसटीतून निवृत्त झालेले आणि जन्मभर मोठी घरं सांभाळलेल्या बायका. नव्याने आश्रम सुरू केलेले लोक फोन करून 'वर्षाचं वेळापत्रक पाठवा' म्हणतात. दुसऱ्याचं वेळापत्रक फारसं उपयोगी पडत नाही, कारण ते माणसं बघून करावं लागतं. पद्धत मात्र सांगता येते.

आधी एक वही करा. प्रत्येकासाठी एक पान. आजार आणि गोळ्या नर्सकडे लिहिलेल्या असतातच, या वहीत वेगळं लिहायचं: पूर्वी काय काम करायचे, हात किती चालतात, दात आहेत की कवळी, ऐकू किती येतं, घरी कोणते सण असायचे आणि कसे. 'तुम्हाला काय आवडतं?' असं विचारलं की 'काही नको बाई, बरं आहे' एवढंच ऐकायला मिळतं. त्याऐवजी 'तुमच्याकडे गौरी उभ्याच्या की खड्याच्या?' असं विचारा. मग अर्धा तास हलू देत नाहीत. ईद, नाताळ, १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, ६ डिसेंबर यांतलं कोणाला काय महत्त्वाचं आहे तेही याच वहीत. एकच माणूस असला तरी त्याचा दिवस पाळायचा. शीरखुर्मा सगळेच खातात.

आता मुख्य गोष्ट. सणाच्या दिवसाची आखणी करू नका, त्याच्या आधीच्या आठ दिवसांची करा. आपल्याकडे 'कार्यक्रम' म्हणजे म्हाताऱ्या माणसांना ओळीने खुर्च्यांवर बसवायचं, बाहेरून आलेल्यांनी नाचायचं-गायचं आणि शेवटी हातात लाडू द्यायचा. ज्या बाईने सुगीत वीस गड्यांच्या भाकरी थापल्या तिला टाळ्या वाजवायला लावण्यात काय अर्थ आहे? तिला वाटाणे सोलायला द्या, वाती वळायला द्या, तीळ निवडायला द्या. सण जवळ आलाय हे तिला फलकावरून कळत नाही, हातातल्या कामातून कळतं. म्हणून माझ्या आराखड्यात प्रत्येक सणापुढे पहिला प्रश्न असतो: यात हाताचं काम कोणतं आणि ते कोणाला?

पंचांग जवळ ठेवा. संक्रांत सोडली तर आपले बहुतेक सण दरवर्षी इंग्रजी तारखा बदलतात आणि अधिक मास आला की पुढचं सगळं महिनाभर सरकतं. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, २०२६ मध्ये ज्येष्ठ. गेल्या वर्षीच्या तारखा उतरवून काढल्या तर फजिती ठरलेली.

उन्हाळ्यात सकाळी दहानंतर आणि संध्याकाळी पाचच्या आत काहीही ठेवू नका. वय वाढलं की तहान कमी लागते, त्यामुळे 'पाणी हवं का?' या प्रश्नाचं उत्तर नेहमी 'नको' असतं. विचारायचं नाही, पेला हातात द्यायचा. कैऱ्या उकडून गर काढणं हे आमच्याकडे बायकांचं काम. पन्ह्यात साखर-गूळ घालण्याआधी मधुमेहवाल्यांचं भांडं वेगळं काढतो. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांचं पाणी मोजून असतं, त्यांची यादी स्वयंपाकघराच्या दारावर लावलेली असते. त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नारळपाणीही नाही. आंब्याची डाळ चमचाभरच द्या, भिजवलेली कच्ची डाळ या वयात पचायला जड जाते. ओटीचे हरभरे उकडून घ्या, नाहीतर कवळ्या ताटात निघतात.

चैत्रातल्या हळदीकुंकवाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण गाडी इथेच अडते. आमच्याकडच्या बहुतेक बायका विधवा. हळदीकुंकू म्हटलं की त्या खोलीचं दार ओढून घेतात. कोणी काही बोललेलं नसतं, तरीही. काही आश्रमांत म्हणून हा कार्यक्रमच करत नाहीत, पण मग ज्यांना सगळ्यांत जास्त गरज त्यांचाच चैत्र कोरडा जातो. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं सांगितलं. ही बातमी मी वाचून दाखवली होती, चर्चाही झाली, पण ठरावाने हात पुढे येत नाही. आम्ही एवढंच करतो: कुंकू लावण्याचं काम आश्रमातल्या सगळ्यांत वयस्कर विधवा बाईंकडे. त्या खुर्चीत बसतात आणि बाकीच्या, सवाष्णी धरून, त्यांच्याकडे जातात. ज्यांना कुंकू नको त्यांच्या हाताला अत्तर आणि ओंजळीत मोगरा. आग्रह कुणालाही नाही. 'आता या वयात काय?' म्हणणाऱ्या एक बाई दारातूनच मोगरा घेऊन जायच्या. पुढे त्यांनीच गजरे करायला घेतले. अजून कुंकू लावून घेत नाहीत, पण गजऱ्यांचा हिशेब दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत.

पुरुष कशातच येत नाहीत ही सार्वत्रिक तक्रार. त्यांना बोलावायचं नाही, त्यांच्यावाचून अडेल असं काम काढायचं. गुढीची काठी, पंचांगवाचन, आकाशकंदिलाच्या कामट्या, वर्गणीची वही. आमच्या भागात पोळ्याऐवजी बेंदूर असतो, आषाढात येतो. कुंभाराकडून माती आणून टेबलावर ठेवली की काम झालं. मुद्दाम मी स्वतः एक बैल करायला घेते. पाच मिनिटांत कोणीतरी नाना मागून म्हणतात, "ताई, ही काय म्हशीची शिंगं लावताय? खिलार बघितलाय का कधी?" आणि माझ्या हातून माती जाते. अर्धांगवायू झालेले एकजण एका हाताने वशिंड करतात, दुसरे पाय करून देतात. त्यांच्या उजव्या हाताच्या व्यायामासाठी फिजिओथेरपिस्ट महिनाभर मागे लागले होते.

वारीचा उपक्रम सगळ्यांत स्वस्त. माउलींची पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्यात निघते. भिंतीवर मोठा कागद लावून त्यावर मुक्काम लिहायचे: पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, पुढे पंढरपूरपर्यंत. रोज सकाळी एकाने टाचणी पुढे सरकवायची. नीरा ओलांडून पालखी आमच्या जिल्ह्यात आली की त्या दिवशी गूळ-शेंगदाणे, शेंगदाण्यांचा कूट करून. चांदोबाचा लिंब इथल्या रिंगणाच्या दिवशी टीव्ही हॉलमध्ये आणतो. ज्यांनी वारी केली आहे ते त्या-त्या गावाची आठवण सांगतात, ज्यांनी केली नाही ते त्यांना दुरुस्त करतात. खर्च एक कागद आणि एक टाचणी, आणि चालतं अडीच-तीन आठवडे.

एकादशीच्या उपासाचं मात्र आठ दिवस आधी डॉक्टरांशी बोलून ठेवा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेऊन नुसत्या उपासावर राहिलं तर साखर घसरते. उपास मोडा म्हटलं की माणूस चोरून करतो. त्यापेक्षा फराळ ठरलेल्या वेळी आणि गोळीचं प्रमाण डॉक्टरांनी सांगितलेलं. भगर पाकीटबंद, तारीख बघून घ्या. सुटं भगरीचं पीठ आणू नका, त्यातून विषबाधा झाल्याच्या बातम्या दर उपासाच्या हंगामात येतात. आणि आषाढ संपायच्या आत जे खातात त्यांच्यासाठी एक रविवार कोंबडीच्या रश्श्याचा. याला धार्मिक अधिष्ठान नसलं तरी उपस्थिती शंभर टक्के असते.

पावसात फरशी ओली असते, त्यामुळे येण्या-जाण्याचे कार्यक्रम कमी आणि बसल्या जागेचे जास्त. मंगळागौरीचे खेळ खुर्चीत बसून टाळ्या आणि पायांच्या ठेक्यावर होतात. गणपतीची पत्री हा स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी फार चांगला उपक्रम: पान चुरगळून नाकाशी धरायचं. 'हे काय आहे, आठवतंय का?' असं मात्र विचारू नका. उत्तर आलं नाही की माणूस खजील होतो. 'तुळस किती छान वास देतेय' असं आपणच म्हणायचं, बाकीचं त्यांच्याकडून येतं किंवा येत नाही. पण पत्रीच्या एकवीस पानांत धोत्रा, कण्हेर आणि रुईही असते. तिन्ही विषारी, रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. स्मृतिभ्रंशाची माणसं हातातलं तोंडात घालतात, म्हणून ही पानं त्यांच्या टेबलावर जाता कामा नयेत.

गणपती आमच्याकडे दीड दिवसाचाच. याचं कारण भक्ती कमी हे नाही. गौरी-गणपतीला आणि दिवाळीला निम्म्या मावश्या-मामा गावी जातात. आखणी करताना सणांच्या यादीशेजारी कर्मचाऱ्यांच्या रजांची यादी ठेवलीच पाहिजे. हात कमी असताना मोठा कार्यक्रम घेतला की कुणाचा तरी डायपर दोन तास तसाच राहतो.

नवरात्रात हादगा. पाटावर हत्ती, भोवती खुर्च्या, आणि खरी मजा खिरापत ओळखण्यात. डबा वाजवून बघायचा. ऐकू येत नाही त्यांना झाकण किलकिलं करून वास. कोजागरीसाठी रात्री बारापर्यंत जागवू नका. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो, सात-साडेसातला गच्चीवर छान दिसतो. दूध छोट्या कपातून, नाहीतर रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या, आणि पडझड बहुतेक तेव्हाच होते.

दिवाळीतलं अभ्यंग खुर्चीत, जमिनीवर जुनी चादर पसरून. हातापायांना तेल, उटणं, मग ओल्या टॉवेलने पुसून घेऊन बाथरूममध्ये. तेलकट तळवे आणि ओली फरशी एकत्र येऊ द्यायची नाही. जिथे ऑक्सिजनचं यंत्र चालू आहे त्या खोलीच्या आसपास पणती नाही, विजेच्या दिव्यांची माळ लावा. दिवाळीचा अवघड दिवस लक्ष्मीपूजन नव्हे, भाऊबीज. काहींना घरी नेलेलं असतं, काहींची पिशवी भरलेली असते आणि गाडी येत नाही. घरी जाणार-न जाणार हे नातेवाइकांकडून आठवडाभर आधी पक्कं करून घ्या, तोवर 'तुम्हाला न्यायला येणारेत' असं कुणाला सांगू नका. भाऊबीजेच्या दुपारी मी मुद्दाम वेळखाऊ काम ठेवते, उरलेल्या चकल्या-शेवेचा चिवडा करून पाकिटं भरण्याचं.

पाहुण्यांचंही वेळापत्रक असतं. पितृपंधरवड्यात, १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाला आणि दिवाळीत अन्नदानाची रांग लागते. एका दुपारी दोन ठिकाणचे जिलेबी-भजी येतात. मग जून-जुलैत कुणी फिरकत नाही. आम्ही दात्यांना स्पष्ट सांगतो: एका दिवशी एकच, गोड मर्यादित, आणि शक्य असेल तर पैशाऐवजी आषाढातल्या एखाद्या मंगळवारी तासभर या, पत्ते खेळा. निम्मे लोक नाराज होतात. उरलेले येतात आणि येतच राहतात.

थंडीत सकाळी नऊच्या उन्हात अंगण हाच उपक्रम. मटार, तूर, हरभऱ्याचे घाटे, जे स्वस्त असेल ते सोलायला. संक्रांतीला चिक्की आणि कडक गूळपोळी वर्ज्य. तिळाचा कूट करून मऊ लाडू, गिळायला त्रास असलेल्यांना तोच दुधात कालवून. हलव्याचे दागिने ओवायला जाड सुई आणि रंगीत दोरा लागतो. ते आम्ही जवळच्या अंगणवाडीतल्या बाळांच्या बोरन्हाणासाठी देतो, कारण आपण केलेलं कुणीतरी घालणार आहे म्हटल्यावर काम टापटीप होतं.

होळी लहान आणि लांब, धुराने दमेकऱ्यांची रात्र जाते. आणि फाल्गुन संपता संपता उन्हं तापली की पापड. पीठ दळून आणायला सांगतील, तर गिरणीत ओळखीचाच माणूस पाठवा. विकतच्या पिठाचे पापड आमच्याकडे एकदा लाटून झाले, पण वाळत घातलेल्या ताटांवर दुपारभर टीकाच चालली होती.