क्लोनचा डीबीआयडी बदलताना काम अर्धवट थांबले तर

सांगलीजवळच्या एखाद्या साखर कारखान्यात, गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी, एफआरपी आणि तोडणी-वाहतूक कपातीची नवी सूत्रे तपासण्यासाठी ऊसबिलाच्या ओरॅकल डेटाबेसचा क्लोन (हुबेहूब प्रत) केला आहे, असे समजू. फायली जशाच्या तशा उचलून केलेल्या क्लोनमध्ये मूळचाच डीबीआयडी (डेटाबेसचा ओळख क्रमांक) राहतो, त्यामुळे दोन्ही डेटाबेस एकाच आरमॅन कॅटलॉगमध्ये, म्हणजे ओरॅकलच्या बॅकअप साधनाच्या नोंदवहीत, वेगळे नोंदवता येत नाहीत आणि तो क्रमांक बदलणारी ओरॅकलची एनआयडी ही युटिलिटी चालवावी लागते. ही युटिलिटी कंट्रोल फाइलमध्ये (डेटाबेसच्या सर्व फायलींची माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये) व प्रत्येक डेटाफाइलच्या हेडरमध्ये नवा क्रमांक लिहीत जाते. मध्येच स्टोरेजची जोडणी तुटली, तर काही हेडरमध्ये नवा आणि काहींत जुना क्रमांक राहतो व डेटाबेस उघडत नाही.

अशा वेळी घाईने रीसेटलॉग्ज (बदलांच्या लॉगची मालिका नव्याने सुरू करून डेटाबेस उघडणे) करण्याच्या किंवा कंट्रोल फाइल नव्याने बनवण्याच्या फंदात पडू नये. आधी एनआयडीचा लॉग वाचावा. त्यात जुना व नवा डीबीआयडी दिलेला असतो आणि ज्या फाइलचा क्रमांक बदलला, तिच्या नावापुढे तशी नोंद असते. अशी एकही नोंद नसेल, तर काम तपासणीच्या टप्प्यातच थांबले आहे आणि काहीही बिघडलेले नाही. उदाहरणार्थ, एनआयडी-००१३५ ही त्रुटी डेटाबेस नीट बंद न केल्याने येते. तो उघडून शटडाउन इमिजिएटने बंद करावा, माउंट करावा (कंट्रोल फाइल वाचलेली, पण डेटाबेस न उघडलेला, अशी अवस्था) आणि तीच आज्ञा पुन्हा द्यावी.

नोंदी अर्ध्यावर तुटल्या असतील, तर मूळ अडचण दूर केल्यावरच पुढे जावे. मात्र त्याआधी माउंट अवस्थेत व्ही-डॉलर-डेटाफाइल या डेटाफाइलच्या यादीमधील प्रत्येक फाइलचा पाथ डोळ्यांखालून घालावा. क्लोनच्या कंट्रोल फाइलमध्ये चालू (खऱ्या कामाच्या मूळ) डेटाबेसचा एखादा पाथ राहून गेला असेल आणि दोन्ही एकाच सर्व्हरवर असतील, तर एनआयडी शेतकऱ्यांच्या खऱ्या बिलांच्या फाइलवर लिहू शकते. तसा पाथ दिसला, तर तिथेच थांबून आधी चालू डेटाबेसची ती फाइल तपासावी.

पाथ योग्य असतील, तर मूळची आज्ञा पुन्हा दिल्यास एनआयडी राहिलेले काम पुढे नेते; रिव्हर्ट=येस दिल्यास केलेले बदल मागे घेऊन डेटाबेस माउंट अवस्थेत ठेवते. क्लोन हवाच असेल, तर माघार घेण्यापेक्षा काम पुरे करणे बरे, कारण डीबीआयडी शेवटी बदलायचाच आहे. एखादे हेडर खराब झाले असेल, तर दोन्ही मार्ग खुंटतात आणि बॅकअपमधून सर्व फायली परत आणाव्या लागतात. क्लोनवर चाचणीच्या नोंदी टाकलेल्या नसतील, तर दुरुस्तीत दिवस न घालवता तो पुन्हा बनवावा. आरमॅनच्या डुप्लिकेटने केल्यास नवा डीबीआयडी आपोआप मिळतो.

काम पूर्ण झाल्यावर एनआयडी डेटाबेस बंद करते. नावही बदलले असेल आणि एसपीफाइल या सेटिंगच्या फाइलमधील डीबी-नेम (डेटाबेसचे नाव) जुनेच राहिले असेल, तर माउंट करताना ओआरए-०११०३ येते. नोमाउंटमध्ये (कंट्रोल फाइल वाचण्याआधीच्या अवस्थेत) ते नाव बदलून इन्स्टन्स, म्हणजे डेटाबेस चालवणारी प्रक्रिया, पुन्हा सुरू करावा. नवी पासवर्ड फाइल ओरापीडब्ल्यूडी या युटिलिटीने बनवावी, डेटाबेस माउंट करून रीसेटलॉग्जसह उघडावा. ग्लोबल नेम एनआयडी बदलत नाही, ते स्वतंत्र आज्ञेने बदलावे. जुने बॅकअप व आर्काइव्ह लॉग (बदलांच्या जतन केलेल्या नोंदी) या क्लोनला यापुढे उपयोगी पडत नाहीत, म्हणून बिलांची चाचणी सुरू करण्यापूर्वीच पूर्ण बॅकअप घ्यावा.