गोव्याच्या पावसात टिकणारा हॅम अँटेना कसा उभारावा

हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, नवा परवाना हातात पडला की पहिला प्रश्न येतो, "टॉवर किती फुटी घेऊ?" मी उलट विचारतो, "केबलचा वरचा जोड कसा बंद करणार?" याचं उत्तर तयार नसेल तर टॉवरवर रुपयाही घालू नका. माझं घर पेडण्यात, समुद्रापासून दोन किलोमीटरवर. बारा महिने खारी हवा आणि वर्षाला सरासरी ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस. इथे वाऱ्याने पडलेले अँटेने मी थोडे पाहिले. जोडातून पाणी शिरून आतल्या आत मेलेले खूप पाहिले, आणि त्यांच्या मालकांना महिनोन्‌महिने पत्ता नव्हता.

टॉवर हवा की माड पुरे?

४० मीटर बँडवर, म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झवर, सकाळी बेळगाव, कोल्हापूर, पुण्याशी बोलायचं असेल तर टॉवरची गरज नाही. दहा मीटर उंचीवर बांधलेल्या डायपोलमधून (मधोमध केबल जोडलेली, दोन सारख्या बाजूंची आडवी तार) लहरी बऱ्याचशा सरळ वर जातात आणि आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतून तीन-चारशे किलोमीटरच्या परिसरात उतरतात. जवळच्या बोलण्याला हेच हवं असतं. परसात दोन उंच माड असतील तर काम झालं. १४ मेगाहर्ट्झ आणि त्यावरच्या बँडांसाठी फिरता यागी (एका दिशेला रोखणारा अँटेना) लावायचा असेल तेव्हाच टॉवर घ्या.

टॉवर घेणार असाल तर उंचीच्या परवानगीची चौकशी फाउंडेशन खणण्याआधी करा. आपल्याकडे दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, त्यामुळे इथे उंचीचा प्रश्न कागदापुरता राहत नाही. दुसरं, विजेच्या तारा. टॉवर, डायपोल किंवा ताणाची तार तुटून कुठल्याही बाजूला पडली तरी विजेच्या तारेपर्यंत पोचता कामा नये. मी टॉवरच्या उंचीच्या दीडपट अंतर मोकळं धरतो. तेवढी जागा नसेल तर टॉवर लहान करायचा.

टॉवर उभा करणं

तीन दिशांना, एकमेकांपासून १२० अंशांवर तारांचा ताण द्या. तार बांधायचा खुंट टॉवरपासून उंचीच्या साधारण सत्तर टक्के अंतरावर हवा. बारा मीटरच्या टॉवरला दोन उंचींवर ताण घ्या. चिऱ्याची जमीन खणायला कठीण लागते म्हणून कामगार हातभर खड्ड्यावर थांबतात आणि "दगडच आहे, पुरे" म्हणतात. ऐकू नका. वरचा थर कडक आणि खाली मऊ माती, असं चिऱ्यात नेहमी सापडतं.

तारेच्या फासावर प्रत्येकी तीन क्लॅम्प लावा. क्लॅम्पचा यू बोल्ट तारेच्या तोकड्या टोकावर आणि खाचेची बैठक ताण घेणाऱ्या तारेवर. उलटं बसवलं की ताण घेणारी तारच चेंगरते. टर्नबकल (तार ताणायचा आट्यांचा स्क्रू) आवळून झाला की त्याच्या मधून तार ओवून बांधून टाका, नाहीतर वाऱ्याच्या थरथरीने तो उलटा फिरत जातो. वर चढताना पूर्ण अंगाचा हार्नेस आणि दोन दोऱ्या, त्यातली एक कायम अडकवलेली. कमरेच्या पट्ट्यावर चढणाऱ्या माणसाला मी माझ्या टॉवरवर पाय ठेवू देत नाही.

तार कापणं आणि माडावर बांधणं

१४३ ला मेगाहर्ट्झने भागा, डायपोलची पूर्ण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ ला ती २०.१४ मीटर येते. प्रत्येक बाजू अर्धा मीटर जास्त ठेवून कापा, वर चढवून एसडब्ल्यूआर मोजा (परतणारी लहर किती ते सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम), मग दोन्ही बाजूंनी सारखी कमी करत या.

माडावर स्वतः चढू नका, पाडेलीला बोलवा. नारळ पाडायला तो येणारच असतो, त्याच फेरीत कप्पी बांधून घ्या. कप्पी शेंड्याच्या बरीच खाली, खोडाच्या बाहेरच्या अंगाला असावी, म्हणजे पडणारी झावळी तारेवर येत नाही. दोरी काळ्या पॉलिस्टरची घ्या. नायलॉन ओला झाला की ताणतो आणि उन्हात कुजतो. दोरीचं खालचं टोक खुंटीला कधीच बांधू नका. त्याला चार-पाच किलोचं वजन लटकवा, मी पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन लावतो. माड डोलला की कॅन वरखाली होतो आणि तारेवरचा ताण तेवढाच राहतो. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा माझी खुंटीला बांधलेली तार पहिल्याच रात्री तुटली. कॅन लावलेली दुसरी तार सकाळी जागेवर होती.

जोड

आता खरं काम. केबलच्या टोकाला लावतात तो पीएल-२५९ कनेक्टर पाणी अडवायला बनवलेला नाही. कितीही आवळा, त्याच्या आट्यांतून पाणी आत जातं. आत गेलं की कोॲक्सची, म्हणजे अँटेन्याच्या केबलची, तांब्याची जाळी ते वातीसारखं शोषते आणि केबलभर पसरवते.

माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी जोडावर साधी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. मेमध्ये एसडब्ल्यूआर ७.१ ला १.४ आणि बँडच्या कडांना त्याहून जास्त होता. जुलैत तो सगळीकडे १.२ दिसू लागला, आणि अँटेना सुधारला असं मी धरून चाललो. ऑगस्टमध्ये कोल्हापूरचे नेहमीचे मित्र म्हणाले, "तुझा सिग्नल गेला कुठे?" तार खाली उतरवून वरच्या टोकाकडून केबल वीत-वीत कापत गेलो. आतली जाळी काळी, पुढे काळी, मध्ये हिरवी पूड. गुलाबी, चकचकीत तांबं दिसायला चार मीटर कापावं लागलं.

हे नीट समजून घ्या, कारण याच जागी बहुतेक जण फसतात. ओली केबल शक्ती खाते. रिगमधून (रेडिओ संचातून) निघालेली लहर वर जाताना अर्धी जिरते, अँटेन्यावरून परतलेली लहर खाली येताना पुन्हा अर्धी जिरते. मीटरला परतणारी लहर जवळजवळ दिसतच नाही, म्हणून तो सुंदर आकडा दाखवतो. कसलीही सुधारणा न करता एसडब्ल्यूआर आपोआप सुधारला, तर ती आजाराची खूण धरा.

जोड बंद करायची जी पद्धत मला टिकलेली सापडली ती अशी. काम एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी करा. सकाळी दव असतं, ते आत बंद करून घेऊ नका. कनेक्टरची जाळी भोकांतून नीट सोल्डर करा, पकडीने आवळा, स्पिरिटने पुसा, वाळू द्या. मग पहिला थर साध्या विनाइल टेपचा, गम बाहेरच्या अंगाला ठेवून. पुढे उघडायची वेळ आली की एका चिरेत सगळं निघतं.

दुसरा थर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेपचा. या रबरी टेपला गम नसतो. ताणून गुंडाळली की ती स्वतःलाच चिकटते आणि काही तासांत एकजीव होते. ती ताणायची म्हणजे रुंदी अर्धी होईपर्यंत ताणायची. सैल गुंडाळलेली टेप एकजीव होत नाही, थरांत पाणी शिरतं. सुरुवात कनेक्टरच्या तीन बोटं खालून, केबलवरूनच करा, आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत वर जा. खालून वर, कायम. छपरावर कौलं वळचणीपासून आढ्याकडे लावत जातो, तसंच. वरून खाली गुंडाळलं तर प्रत्येक कड वर तोंड करून राहते आणि पाण्याला पन्हळ मिळते.

रबरी टेप उन्हात तडकते, म्हणून तिच्यावर तिसरा थर पुन्हा विनाइलचा, गम आत, तोही खालून वर. शेवटचा वेढा अजिबात न ताणता ठेवा आणि कात्रीने कापा. ताणून तोडलेलं टोक महिन्याभरात उलगडतं. टोकावर काळा केबल-टाय.

वाईट सल्ले तीन ऐकाल. पहिला, "सिलिकॉन भर." हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या ज्या सिलिकॉनला विनागरासारखा आंबट वास येतो त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं, आणि ते तांबं खातं. पाण्यापासून वाचवायला गेलात आणि आम्ल भरून आलात. दुसरा, "इपॉक्सी पुट्टी मळून लाव." ती कडक होते, केबल उन्हात फुगते-आकसते, पुट्टीला तडा जातो, आणि जोड पुन्हा उघडताही येत नाही. तिसरा, "वरून प्लास्टिकची पिशवी बांध." पिशवीत रात्री दमट हवेचं पाणी होतं आणि दिवसभर ते तिथेच राहतं.

डायपोलचा मधला भाग यापेक्षाही धोक्याचा. कोॲक्स सोलून एका तारेला आतला गाभा, दुसरीला जाळी सरळ जोडून सोडतात, आणि उघडी जाळी आभाळाकडे तोंड करून पाणी पीत बसते. तसं करूच नका. बलूनची (balun, डायपोल आणि कोॲक्स यांना जुळवणारा भाग) पेटी वापरा, तिचं सॉकेट खालच्या अंगाला असू द्या, आणि पेटीच्या तळाला तीन मिलीमीटरचं एक भोक पाडा. पूर्ण बंद पेटीत दमट हवेचं पाणी साठत जातं, भोकातून ते निघून जातं. पेटीखाली केबलला एक सैल वळण द्या आणि घरात शिरण्याआधी खिडकीच्या पातळीखाली दुसरं. त्या वळणाच्या तळाशी थेंब गळून पडतात, भिंतीतून आत येत नाहीत.

केबल जिवंत आहे का, हे पाहणं

नॅनोव्हीएनए (अँटेना आणि केबल मोजायचं छोटं यंत्र) घ्या, स्वस्त आहे. अँटेना खाली उतरवा, वरचा जोड सोडा, केबलचं ते टोक मोकळं ठेवा आणि घराकडून मोजा. लक्षात ठेवा, हे मापन फक्त नॅनोव्हीएनएने करायचं, मोकळ्या केबलवर रिगमधून ट्रान्समिट करायचं नाही. ३० मीटर चांगल्या आरजी-२१३ (जाड कोॲक्स) ला ७ मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर दहाच्या बराच वर दिसला पाहिजे, कारण गेलेली जवळजवळ सगळी लहर परत येते. तो ३ दिसला तर एकेरी वाटेत ३ डेसिबल जातात, म्हणजे तुमची अर्धी शक्ती केबल गरम करते आहे. ती केबल फेकून द्या. मधला तुकडा कापून, जोडून वाचवायच्या मागे लागू नका. मी लागलो होतो, त्यात एक मोसम गेला.

अँटेना वर असतानाही अंदाज येतो. ४० मीटरच्या डायपोलवर ६.५ मेगाहर्ट्झला मोजा. ते बँडच्या बाहेर आहे, म्हणून तिथे एसडब्ल्यूआर खूप मोठा हवा; तो उतरत गेला तर केबल ओली होते आहे. मेमधला आकडा वहीत लिहून ठेवा आणि दर महिन्याला ताडून पाहा.

वीज

गडगडाट इथे एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये जास्त. घर सोडताना केबल रिगपासून काढा आणि तिचं टोक खिडकीबाहेर ठेवा. ढग वाजायला लागल्यावर केबलला हात लावू नका. उन्हाळ्यात चिऱ्याची जमीन कोरडी पडते आणि एका अर्थरॉडने भागत नाही. दोन-तीन रॉड थोड्या अंतरावर ठोकून एकमेकांना जोडा, आणि घराच्या अर्थिंगलाही जोडा. रेडिओचं अर्थिंग घरापासून वेगळं ठेवा, असं सांगणारे चुकतात. वीज जवळ पडली की दोन अर्थिंगमधला दाबाचा फरक तुमच्या रिगमधून वाट काढतो. तांब्याची तार टॉवरच्या गॅल्वनाइज्ड पायाला थेट आवळू नका. खाऱ्या ओलाव्यात तिथला जस्ताचा मुलामा आधी जातो, मग गंज धरतो. मध्ये स्टेनलेस स्टीलची पट्टी घाला.

वर्षातून दोनदा

पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, खरेदी होते त्या दिवसांत ताणाच्या तारा, टर्नबकल, दोऱ्या आणि कप्प्या पाहून घ्या. दोरी कप्पीवर घासते ती जागा बोटांनी चाचपा, झुपका लागला तर बदला. दसऱ्यानंतर अँटेना उतरवा आणि बाकी सगळं ठीक दिसत असलं तरी एक जोड चिरून उघडाच. कनेक्टरच्या मागची दोन बोटं केबल सोला. तांबं गुलाबी निघालं तर नवा कनेक्टर लावा, तिन्ही थर पुन्हा चढवा आणि वरच्या टेपवर पांढऱ्या मार्करने तारीख लिहा. काळं निघालं तर काळं संपेपर्यंत कापा. मीटरभराहून जास्त कापावं लागलं तर पूर्ण केबल बदला.