रेसच्या इंजिनाची बेअरिंग क्लिअरन्स आणि ऑइलची ग्रेड कशी ठरवावी

इंजिन बांधून झाल्यावर ‘आता ऑइल कोणतं टाकू?’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात. खरं तर हा प्रश्न क्रँक (पिस्टनच्या धावेने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) बसवण्याआधीच सोडवायला हवा. क्लिअरन्स, म्हणजे बेअरिंग आणि त्यात फिरणाऱ्या क्रँकमधली मोकळी जागा, आणि ऑइलची ग्रेड, म्हणजे त्याची जाडी, हा एकच निर्णय आहे आणि त्यात क्लिअरन्स आधी येते. मोजलेला आकडा हातात नसताना डब्याचा ब्रँड पाहून ऑइल निवडण्याला अर्थ नाही.

इथे उदाहरणाला मारुतीचं जुनं १.३ लिटर जी-१३ इंजिन घेतो. जिप्सी आणि एस्टीममधलं हे इंजिन आपल्याकडच्या रॅली आणि ऑटोक्रॉसमध्ये वर्षानुवर्षं धावलं, आणि त्याचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असल्याने शिकण्यासारखंही बरंच आहे. ज्या क्लासमध्ये इंजिन सील करून मिळतं, तिथे यातलं काही करता येणार नाही. बहुतेक सिंगल सिलिंडर बाइकच्या क्रँकला बॉल-रोलर बेअरिंग असतात, त्यांचाही हिशोब वेगळा.

आधी गरम इंजिनाचा विचार करा

बिल्डर मंडळींचा जुना ठोकताळा असा: जर्नलच्या, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या गोल भागाच्या, दर इंच व्यासाला एक थाउ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, रेससाठी वर अर्धा थाउ. ४५ मिमीच्या मेन (ब्लॉकमध्ये बसणाऱ्या) जर्नलला हे ०.०४५ मिमी होतं, रेससाठी ०.०५७ च्या आसपास. पण जी-१३ च्या मेन बेअरिंगची कंपनीने दिलेली क्लिअरन्स आहे ०.०२० ते ०.०४० मिमी, आणि ०.०६० ही झिजेची शेवटची मर्यादा. म्हणजे ठोकताळ्याप्रमाणे बांधलं, तर नवंकोरं इंजिन जवळजवळ मर्यादेवरच बसतं!

असं का? तो ठोकताळा लोखंडी ब्लॉकवर घडलेला आहे. ॲल्युमिनियम गरम झाल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. बेअरिंगचं घर, म्हणजे ते बसतं ते ब्लॉकमधलं गोल भोक, ४९ मिमीचं आहे आणि तापमान ८० अंशांनी वाढलं, असं धरा. ॲल्युमिनियमचं घर सुमारे ०.०९ मिमी मोठं होईल, आतलं पोलाद ०.०४५ मिमी. उरलेला फरक थेट क्लिअरन्समध्ये जातो. बेअरिंग कॅप (घराचा बोल्टने आवळलेला अर्धा भाग) लोखंडी असेल तर वाढ बरीच कमी होते, पण होतेच.

म्हणून अशा ब्लॉकला मी मेनची थंड क्लिअरन्स ०.०३५ ते ०.०४५ ठेवीन. बिग एंडचं, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनरॉडच्या क्रँककडच्या टोकाचं, गणित निराळं. कनरॉड पोलादी, क्रँकपिन पोलादी, दोन्ही सारखेच फुगतात. तिथे ठोकताळा चालतो: ४२ मिमीच्या पिनला ०.०४५ ते ०.०५५. एकाच इंजिनात मेन घट्ट आणि बिग एंड मोकळं, हे पाहून मशीन शॉपवाला भुवया उंचावेल. त्याला वरचं गणित दाखवा.

मोजणी

सगळा खेळ इथे आहे, आणि घाई होते तीही इथेच.

ब्लॉक, क्रँक, शेल (बेअरिंगचे अर्धगोल तुकडे), मायक्रोमीटर, बोअर गेज, सगळं रात्रभर एकाच खोलीत ठेवा. ४५ मिमीचं पोलाद १० अंशांनी तापलं की ५ मायक्रॉन (०.००५ मिमी) वाढतं. उन्हात ठेवलेला क्रँक आणि सावलीतला ब्लॉक मोजून काढलेली वजाबाकी कामाची नाही.

जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांनी आणि दोन्ही कडांजवळ मोजा. टेपर (दोन कडांच्या व्यासातला फरक) किंवा ओव्हॅलिटी (अंडाकारपणा) ०.००५ मिमीच्या वर गेली, तर क्रँक ग्राइंडिंगला पाठवायचा. कंपनी ०.०१ पर्यंत चालवून घेते. रेसला ते जास्त होतं. मग मायक्रोमीटर जर्नलच्या मापावर लॉक करा आणि त्याच्याच दोन टोकांमध्ये बोअर गेज शून्यावर आणा. आता शेल घालून, कॅप पूर्ण टॉर्कवर आवळून बोअर गेज आत फिरवलं, की काटा थेट क्लिअरन्सच दाखवतो. दोन वेगवेगळी मापं वजा करताना येणारी चूक टळते.

गेज कॅपच्या सांध्याला काटकोनात धरा. सांध्याजवळ शेल मुद्दाम पातळ केलेला असतो, त्यामुळे तिथे आकडा मोठा येतो आणि माणूस फसतो. बोल्टऐवजी स्टड घालणार असाल, तर मोजतानाही स्टडच हवेत. आवळण्याचा जोर बदलला की घराचा गोलाकार बदलतो आणि लाइन होनिंग (सगळी घरं एका रेषेत घासून गोल करणं) करावं लागू शकतं. प्लास्टिगेजची (दाबली गेल्यावर रुंदीवरून क्लिअरन्स दाखवणारी) पट्टी फक्त खातरजमेपुरती ठेवा.

आकडा हवा तिथे आणणे

सुझुकीची इथे छान सोय आहे. क्रँकच्या वेबवर (जर्नलना जोडणाऱ्या भागावर) १, २, ३ असे आकडे ठोकलेले असतात, प्रत्येक जर्नलला एक. १ म्हणजे ४४.९९४ ते ४५.००० मिमी, पुढच्या प्रत्येक आकड्याला ६ मायक्रॉन कमी. स्टँडर्ड शेल पाच जाडींत येतात आणि कडेवरच्या रंगाने ओळखतात: हिरवा सगळ्यात पातळ, मग काळा, बिनरंगी, पिवळा आणि सगळ्यात जाड निळा. एका रंगावरून दुसऱ्यावर गेलं की जाडी ३ मायक्रॉनने बदलते. एकच अर्धा शेल बदलला तर क्लिअरन्स ३ ने सरकते, दोन्ही बदलले तर ६ ने.

ज्या इंजिनांना अशी सोय नाही, त्यांतल्या अनेकांसाठी एसीएल, किंग, क्लेव्हाइट या कंपन्यांचे एक थाउ जादा क्लिअरन्सचे रेस शेल मिळतात. एक साधा आणि एक जादा असे अर्धे जोडले तर अर्धा थाउ मिळतो. क्लिअरन्स वाढवायला जर्नलवर हाताने एमरी (घासकागद) मारणं मात्र कुणी सांगितलं तरी करू नका. जर्नल अंडाकार होतो.

आता ऑइल

बेअरिंगच्या कडेने निसटणारं ऑइल क्लिअरन्सच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. ०.०५० चं ०.०६० केलं की त्याच जाडीचं ऑइल ७३ टक्के जास्त वाहतं. जास्त ऑइल म्हणजे बेअरिंग थंड, पण पंपावर ताण आणि दाब कमी. म्हणून मोकळ्या बेअरिंगला जाड ऑइल, घट्टला पातळ. ५० मिमीच्या आसपासच्या जर्नलला माझा अंदाज असा: गरम अवस्थेतली क्लिअरन्स ०.०५ पर्यंत असेल तर ३० ग्रेड, ०.०५ ते ०.०७५ ला ४०, त्यापुढे ५०.

डब्यावरची ग्रेड १०० अंशांवर ठरते: ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (ऑइलच्या जाडीचं माप), ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. पण रेसमध्ये संपचं (इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं) ऑइल १२० अंशांवर सहज जातं आणि तिथे ४० ग्रेड जवळजवळ १०० अंशांच्या ३० ग्रेडइतकी पातळ होते. म्हणून आधी ऑइल टेंपरेचर गेज लावा, मग ग्रेडवर वाद घाला. ऑइल कूलरने २० अंश उतरवता आले, तर जाड ऑइलची गरजच उरत नाही.

‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला आहे. १५डब्ल्यूची क्रँकिंग चाचणी उणे २० अंशांवर होते. कोल्हापूर-पुण्याच्या थंडीला ५डब्ल्यू हवंच असं नाही. उलट दोन आकड्यांमधलं अंतर कमी असलं, की तापल्यावर ऑइल फार पातळ होऊ न देणाऱ्या पॉलिमरवर भिस्त कमी आणि ऑइल राबून पातळ होण्याचा धोकाही साधारणपणे कमी. आपल्या जी-१३ ला मी चांगलं सिंथेटिक १०डब्ल्यू-४० घालीन. मिश्रण रिच असेल तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ते पातळ करतं. तिथे महाग ऑइल लांबवण्यापेक्षा साधं ऑइल लवकर बदलणं बरं.

सुरू केल्यावर

ऑइल ६०-७० अंशांवर येईपर्यंत रेव्ह करू नका. ऑइल पूर्ण तापल्यावर दर १००० आरपीएमला १० पीएसआय दाब, हा चालू हिशोब आहे. ७५०० ला ७५, म्हणजे सुमारे ५.२ बार. थोडा कमी असला तरी मी घाबरत नाही. जर्नलला उचलून धरणारा थर पंप बनवत नाही, तो फिरणारा जर्नल स्वतः ऑइल ओढून बनवतो. पंपाने फक्त पुरवठा तुटू द्यायचा नसतो. वळणावर काटा झपकन पडत असेल, तर दोष ग्रेडचा नाही. पिकअप (संपमधून ऑइल ओढणारी नळी) हवा ओढतोय, संपला बॅफल (ऑइल एका बाजूला पळू न देणारा आडपडदा) हवं. गरम आयडलला दाब फारच पडत असेल, तर एक ग्रेड वर जा. दाब रिलीफ व्हॉल्व्हवरच (जादा दाब सोडणाऱ्या झडपेवरच) अडकून बसत असेल, तर एक ग्रेड खाली उतरून पाहा.

पहिल्या रेसनंतर फिल्टर कापून घडी उलगडा, आणि बिग एंडची एक कॅप काढून शेल पाहा. मधल्या भागात एकसारखा चमकदार पट्टा दिसला तर बांधणी बरोबर आहे. एकाच कडेला झीज असेल तर जर्नलला टेपर आहे किंवा कनरॉड वाकला आहे. दोन्ही सांध्यांजवळ घासल्याच्या खुणा असतील, तर वरच्या आरपीएमला कनरॉडचं तोंड उभं ताणलं जाऊन बाजूंनी जर्नलला चिमटा घेतंय. तिथे पुढच्या बांधणीत अर्धा थाउ मोकळीक द्या, आणि आधी कनरॉडचे बोल्ट तपासा. ट्रायमेटल (तीन धातूंच्या थरांच्या) शेलवर तांबूस रंग दिसू लागला असेल, तर शेल बदलल्याशिवाय इंजिन पुन्हा चालू करू नका.