बूस्ट चढला की पेट्रोल कमी पडायचं: माझा अनुभव

घरीच टर्बो बसवलेली माझी जुनी 1.3 लिटरची गाडी 4500 आरपीएमपर्यंत मस्त ओढायची, पुढे खोकायची. वाइडबँडवर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) एएफआर, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण, 11.8 असायला हवा होता, पण 13.5 दिसत होता. बूस्टमध्ये (टर्बो जादा दाबाने हवा कोंबतो तेव्हा) इतकं लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, म्हणजे पिस्टनची वाट लागायची वेळ. लगेच पाय काढला.

आधी इंजेक्टरवर संशय घेतला, मॅपमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमधला पेट्रोलचा तक्ता) पेट्रोल वाढवत बसलो. दोन रविवार फुकट. मग फ्युएल रेलला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) प्रेशर गेज जोडला आणि वायपरखाली टेपने चिकटवला (पेट्रोलची नळी केबिनमध्ये घ्यायची नाही, कितीही घाई असो). व्हॅक्यूमची नळी काढून 3 बार, म्हणजे पेट्रोलचा दाब राखणारा रेग्युलेटर ठीक. नळी जोडलेली असताना बूस्ट जितका वाढेल तितकाच रेग्युलेटर दाब वाढवतो, म्हणून 0.6 बार बूस्टला 3.6 दिसायला हवं होतं. काटा उलटा 2.9 वर आला!

पंप नवा होता. मल्टिमीटर थेट पंपाच्या टर्मिनलला लावला: बॅटरीवर 13.9 व्होल्ट, पंपावर जेमतेम 10.9. कंपनीची बारीक वायर मोठ्या पंपाचा करंट कुठून झेपवणार?

बॅटरीपासून 4 चौरस मिमीची वायर, बॅटरीजवळच 20 अँपिअरचा फ्यूज, मागे पंपाजवळ रिले (छोट्या करंटवर चालणारा मोठ्या करंटचा स्विच). रिलेचा ट्रिगर मात्र पंपाच्या मूळ वायरवरूनच घेतला, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही बंद. अर्थिंगही बदललं, तिथला रंग खरवडायला मी आधी विसरलो होतो.

आता पंपावर 13.4 व्होल्ट, बूस्टमध्ये 3.6 बार. मॅपमध्ये उगाच कोंबलेलं पेट्रोल तेवढं परत काढावं लागलं.