पानावरची माहिती ताजी ठेवायला टायमर लावताना
दर ५ सेकंदांनी पानावरचे आकडे बदलायचे म्हटलं की हात आपसूक जावास्क्रिप्टच्या सेटइंटरव्हलकडे, म्हणजे ठरावीक वेळाने तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या टायमरकडे जातो. पण आकडे आणायला सर्व्हरला पाठवलेल्या मागच्या विनंतीचं उत्तर आलंय का, हे तो बघतच नाही. सर्व्हरला ८ सेकंद लागले, तर पहिलं उत्तर यायच्या आतच दुसरी विनंती निघते; कधीकधी जुनं उत्तर उशिरा येऊन नव्या आकड्यांवर बसतं. त्यापेक्षा सेटटाइमआउट वापरा, तो दिलेल्या वेळानंतर एकदाच चालतो. उत्तर आलं, आकडे बदलले, की मगच पुढचे ५००० मिलिसेकंद मोजायला लावा. विनंती फसली तरी टायमर पुन्हा लागलाच पाहिजे, नाहीतर पान गुपचूप जुनेच आकडे दाखवत राहतं. अख्खं पान मात्र रीलोड करू नका, अर्धवट भरलेला फॉर्म पुसला जाऊ शकतो. टॅब मागे गेला की टायमर थांबवा, समोर येताच लगेच एकदा माहिती आणा.